दोन डॉलरचा मुखवटा

२०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. पहाटेचे अभ्यंगस्नान झाले, कारीट फुटले, फराळाच्या दोन फेऱ्या झाल्या, दुपारी घरातल्या वडीलधाऱ्यांनी (म्हणजे मी) यथासांग झोप काढली, आणि संध्याकाळी पणत्या लावून होतात न होतात तोच आमच्या थोरल्या नातीने फर्मान काढले, "आजोबा, आज तिकडे अमेरिकेत हॅलोवीन आहे. आज 'हॅलोवीन' बघायचा. आज नाही बघायचा तर कधी?"

"कसला आहे ग तो सिनेमा?" आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले.

"खुनांचा, आजी. सणाच्या रात्री एक माणूस मुखवटा घालून सुरी घेऊन फिरतो."

"सणासुदीला हे कसलं अभद्र! घरात लक्ष्मी यायची वेळ, आणि तुम्ही सुऱ्या बघत बसणार?"

"अगं आजी, सकाळी आजोबांनी अंगठ्याखाली चिरडला तो कोण होता मग?"

नरकासुराचा असा उपयोग होईल हे सौभाग्यवतींच्या ध्यानात आले नव्हते. त्या चकल्यांचा डबा आपटून आत गेल्या आणि आम्ही दोघे दिवाणखान्यातला दिवा मालवून बसलो.

हा चित्रपट मी पूर्वी एकदा पाहिला होता. तो काळ भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटचा. त्या कॅसेटवर चित्रापेक्षा रेघाच अधिक होत्या, आणि ऐन भीतीच्या प्रसंगी टेप गुंडाळला जाऊन यंत्रातून चमत्कारिक आवाज येई. तेव्हा मी त्याला 'सवंग' म्हणून निकालात काढले होते. स्वस्त चित्रपट म्हणजे सवंग चित्रपट अशी माझी त्या वेळी समजूत होती. या खेपेस चांगला स्वच्छ पाहिला, मग त्याच्या निर्मितीविषयी मिळेल ते वाचून काढले, आणि मला कबूल केले पाहिजे की त्या चित्रपटाची स्वस्ताई हीच त्याची पुंजी आहे.

आधी तो सण काय आहे ते थोडक्यात सांगतो. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मृतांचे आत्मे हिंडतात अशी जुनी आयरिश समजूत. आयर्लंडात त्या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. आयरिश लोक अमेरिकेत गेले तेव्हा तिथे त्यांना कोरायला सोपा असा मोठा लाल भोपळा मिळाला. त्याला डोळे, नाक, दात कोरायचे, आत मेणबत्ती लावायची आणि तो दारात ठेवायचा. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघर दारे ठोठावतात आणि खाऊ मागतात. दारात दिवा असेल तर घरात स्वागत आहे, असा संकेत. थोडक्यात, ज्या रात्री अनोळखी मुखवट्याला दार उघडायचे असते अशी ही रात्र. एरवी मुखवटा घातलेला माणूस रस्त्यात दिसला तर पोलिसांना बोलावतील. त्या एका रात्री त्याच्या हातावर गोळ्या-चॉकलेटे ठेवतात.

ही एवढी गोष्ट ज्याच्या ध्यानात आली त्याला अर्धा चित्रपट फुकट मिळाला. अर्विन याब्लान्स नावाच्या निर्माता-वितरकाच्या ती ध्यानात आली. मूळ कल्पना होती ती बेबीसिटरच्या खुनांची. बेबीसिटर म्हणजे आईबाप बाहेर गेले असता तासाच्या पैशांवर त्यांची मुले सांभाळायला येणारी शेजारपाजारची शाळकरी पोरगी. आरंभी त्या चित्रपटाचे नावही तेच होते. मग याब्लान्सने सुचवले की हे सारे हॅलोवीनच्या एकाच रात्रीत घडवा. यात मोठी बचतही होती, हे त्या धंदेवाईक माणसाच्या नजरेतून सुटले नसणार. एक रात्र, एक गल्ली, दोन-तीन घरे. कपडेपट बदलायला नको, ऋतू बदलायला नको.

दिग्दर्शनासाठी त्याने जॉन कार्पेंटर या तिशीच्या तरुणाला धरले. त्याच्या नावावर तोवर दोनच छोटे चित्रपट होते, 'डार्क स्टार' (१९७४) आणि 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३' (१९७६). पटकथा त्याने डेब्रा हिलबरोबर लिहिली, आणि निर्मितीची सारी जबाबदारीही याच बाईंवर होती. ही डेब्रा हिल स्वतः शाळकरी वयात बेबीसिटिंग करीत असे. चित्रपटातल्या मुली शाळेतून घरी येताना ज्या गप्पा मारतात त्या तिने लिहिल्या. त्या गप्पा ऐकताना नात मला म्हणाली, "आजोबा, या बायका खऱ्या बोलतायत." मला त्यातले निम्मे कळले नाही, पण तिच्या हसण्यावरून मी तिच्यावर विश्वास ठेवला. गावाचे नाव हॅडनफील्ड, राज्य इलिनॉय. इलिनॉयमध्ये असे गाव नाही. ते नाव हिलबाईंच्या माहेरच्या, न्यू जर्सीतल्या गावाचे.

आता पैशांचे बघू, कारण आपल्यासारख्या महिन्याच्या हिशेबाची वही लिहिणाऱ्यांना या चित्रपटाची खरी गंमत तिथेच कळते. एकूण खर्च तीन-सव्वातीन लाख डॉलर. आदल्याच वर्षी, १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स'ला सुमारे १ कोटी १० लाख डॉलर लागले होते. म्हणजे त्या एका चित्रपटाच्या खर्चात असे तीस-पस्तीस 'हॅलोवीन' निघाले असते. पैसे घातले ते मुस्तफा अक्कद या सीरियात जन्मलेल्या निर्मात्याने. या गृहस्थाची कथा निराळीच आहे. पैगंबरांच्या जीवनावरचा 'द मेसेज' (१९७६) त्याने काढला होता, आणि त्या सुमारास तो लिबियाच्या स्वातंत्र्ययुद्धावर एक अवाढव्य चित्रपट उभा करीत होता. तो पुढे सांगत असे की त्या चित्रपटाला दिवसाला जेवढे लागत तेवढ्यात हा सबंध चित्रपट होत होता. माणसाने भव्य चित्रपट काढावेत आणि नाव मात्र सव्वातीन लाखांच्या भुताने राखावे, असा योग. २००५ साली जॉर्डनमधल्या अम्मान शहरात हॉटेलांवर बॉम्बहल्ले झाले, त्यात तो आणि त्याची मुलगी दोघेही गेली. त्याच वर्षी डेब्रा हिलही वारली.

कार्पेंटरने लेखन, दिग्दर्शन आणि संगीत या तिन्हींचे मिळून १० हजार डॉलर घेतले, वर नफ्यात वाटा. सर्वांत मोठी रक्कम डोनाल्ड प्लेझन्स या इंग्रज नटाला: पाच दिवसांच्या कामाचे २० हजार. डॉक्टर लूमिसची ती भूमिका आधी ख्रिस्तोफर ली आणि पीटर कुशिंग या दोघा नामांकितांनी नाकारली होती. प्लेझन्सने ती घेतली याचे कारण त्याने स्वतःच दिग्दर्शकाला सांगितले: त्याच्या मुलीला कार्पेंटरच्या आधीच्या चित्रपटाचे संगीत आवडले होते! मुलींनी बापाकडून करून घेतलेल्या गोष्टींची यादी सर्व देशांत लांबच असते.

नायिका लॉरी. तिच्या भूमिकेत एकोणीस वर्षांची जेमी ली कर्टिस, हा तिचा पहिलाच चित्रपट. ती जॅनेट ली आणि टोनी कर्टिस यांची मुलगी. १९६० सालच्या हिचकॉकच्या 'सायको'त न्हाणीघरात जिचा खून होतो ती जॅनेट ली. म्हणजे आईने ज्या पडद्यावर किंकाळी फोडली त्याच पडद्यावर मुलगी उभी राहिली, आणि कमी खर्चात जाहिरातही झाली. तिला ८ हजार डॉलर मिळाले. तिचे चित्रपटातले कपडे एका साध्या दुकानातून शंभर डॉलरच्या आत आणले. पहिल्या दिवशीचे चित्रण संपल्यावर रात्री दिग्दर्शकाचा फोन आला तेव्हा आपल्याला काढून टाकणार अशी तिची खात्री झाली होती. त्याने फोन केला होता काम चांगले झाले हे सांगायला. पुढे चित्रण क्रमाने होईना, आज शेवटचा प्रसंग तर उद्या मधला. तेव्हा कोणत्या प्रसंगात किती घाबरायचे याचे कार्पेंटरने तिला भीतीचे मोजमापच करून दिले होते.

आणि तो मुखवटा. चित्रपटातला खुनी, मायकेल मायर्स, बोलत नाही, धावत नाही. पांढऱ्याफटक चेहऱ्याने नुसता उभा राहतो. त्या चेहऱ्यासाठी कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेस हॉलिवूडमधल्या एका जादूच्या सामानाच्या दुकानात गेला आणि दोन डॉलरच्या आत एक रबरी मुखवटा घेऊन आला. तो होता 'स्टार ट्रेक' या दूरदर्शन मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या तोंडवळ्याचा. वॉलेसने त्याचे कल्ले उपटले, डोळ्यांची भोके मोठी केली, केस विस्कटले आणि सबंध चेहऱ्यावर पांढरा रंग फवारला. झाले! त्या चेहऱ्यावर राग नाही, आनंद नाही, काहीच नाही. मी नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेला माणूस. कोळशासारखे डोळे, लोंबती जीभ यांची मला सवय आहे. या चेहऱ्याशी काय करावे हे कळत नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाने आपल्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले की पोटात कसे होते, तसे काहीसे होते.

मुखवट्याच्या आतला माणूस होता निक कॅसल, दिग्दर्शकाचा कॉलेजातला मित्र. त्याला दिवसाला २५ डॉलर. पुढे तो स्वतः दिग्दर्शक झाला. एका प्रसंगात खून केल्यावर तो समोरच्या प्रेताकडे पाहून मान किंचित एका बाजूला कलती करतो, चित्र भिंतीवर सरळ लागले आहे की नाही हे आपण पाहतो तशी. त्या एका हालचालीने जे होते ते पिंपभर लाल रंगाने झाले नसते. आणि खरोखरच, ज्या चित्रपटाने पुढच्या सगळ्या रक्तबंबाळ चित्रपटांची रांग लावली असे म्हणतात, त्या चित्रपटात रक्त जवळजवळ नाहीच.

चित्रण झाले १९७८च्या वसंतात, वीस-एकवीस दिवसांत, कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडीना आणि हॉलिवूडच्या गल्ल्यांतून. कथेत मात्र ऑक्टोबरची अखेर, पानगळीचा ऋतू! झाडे तर हिरवीगार. मग पाने रंगवून आणली, रस्त्यावर पसरली, प्रसंग झाला की झाडून पोत्यांत भरली आणि पुढच्या प्रसंगाला पुन्हा पसरली. आमच्या घरी गेल्या वर्षीचा आकाशकंदील माळ्यावरून काढून, नवी झिरमिळ्या लावून पुन्हा टांगतात. तेव्हा हा प्रकार ऐकून मला त्या मंडळींविषयी एकदम घरोबा वाटला. नीट पाहिले तर मागे माडासारखी पामची झाडे दिसतात, मोटारींवर कॅलिफोर्नियाच्या पाट्या दिसतात. वसंतात भोपळे मिळवायचीही मारामार झाली होती. मायकेलच्या बालपणीचे घर म्हणून एक ओसाड घर वापरले. त्यातल्या आरंभीच्या प्रसंगासाठी ते नांदते दिसायला हवे होते, म्हणून तो प्रसंग सर्वांत शेवटी ठेवला आणि नटांसकट सगळ्यांनी हातात कुंचले घेऊन घर रंगवले. ते घर पुढे १९८७ साली पाडायचे घाटत होते. कोणीतरी ते उचलून दुसऱ्या जागी नेले आणि ते अजून उभे आहे.

तो आरंभीचा प्रसंग सांगितलाच पाहिजे. १९६३ सालची हॅलोवीनची रात्र. आपण कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहत एका घराभोवती फिरतो, मागच्या दाराने आत शिरतो, स्वयंपाकघरातून सुरी घेतो, जिना चढतो, जमिनीवरचा मुखवटा उचलून चढवतो. त्यानंतर दोन भोकांतूनच दिसते. एका तरुण मुलीचा खून होतो. मग खाली, बाहेर, अंगणात; आईबाप मोटारीतून उतरतात, मुखवटा ओढून काढतात, आणि आपण इतका वेळ ज्याच्या डोळ्यांनी पाहत होतो तो विदूषकाच्या कपड्यातला सहा वर्षांचा मुलगा असतो. मारलेली मुलगी त्याची सख्खी बहीण. हे सारे सलग घेतल्यासारखे दिसते, कारण छायालेखक डीन कंडी याने तेव्हा नवीनच असलेला, माणसाच्या अंगावर बांधून हलके हलके तरंगत न्यायचा कॅमेरा वापरला. सुरी धरणारे लहान हात मात्र मुलाचे नव्हेत. ते डेब्रा हिलचे. मूल तिथे उभे करणे सोयीचे नव्हते म्हणून निर्मातीबाईंनी आपलेच हात दिले.

सणाच्या रात्री खून ही कल्पना काही कार्पेंटरची एकट्याची नव्हे, हेही सांगायला हवे. १९७४ साली कॅनडात, टोरंटोला, बॉब क्लार्कने 'ब्लॅक ख्रिसमस' काढला होता. नाताळच्या सुटीत एका मुलींच्या वसतिगृहात कोणी तरी फोन करून घाणेरडे, भेसूर बोलतो, आणि तो फोन त्याच घरातून येत असतो. खुनी शेवटपर्यंत दिसत नाही. फार तर एक डोळा. संगीतकाराने पियानोच्या तारांत काटे, कंगवे, सुऱ्या अडकवून तो वाजवला, इतके घरगुती साहित्य. क्लार्क पुढे सांगत असे की कार्पेंटरशी एकदा बोलताना 'पुढचा भाग काढलाच तर हॅलोवीनला घडवीन' असे आपण म्हणालो होतो. पण त्याने माझे काही चोरले नाही, हेही तोच सांगे. कारागिरांची मने अशी मोठी असली म्हणजे वाचणाऱ्याला बरे वाटते. याच क्लार्कने पुढे १९८३ साली लहान मुलाच्या नाताळावर इतका गोड चित्रपट काढला की अमेरिकन कुटुंबे तो वर्षानुवर्षे सणाला एकत्र बसून पाहत आली आहेत.

'हॅलोवीन' चित्रित होऊन जुळवला गेला तेव्हा तो कोणालाच भयंकर वाटला नाही. कार्पेंटरने तो संगीताशिवाय एका बड्या कंपनीच्या तरुण अधिकारी बाईंना दाखवला. त्यांना मुळीच भीती वाटली नाही. मग त्याने ठरवले की याला आता संगीतच तारील. वाद्यवृंदाला पैसे नव्हते, म्हणून स्वतःच पियानोवर बसला. वडील केंटकीत संगीताचे प्राध्यापक. त्यांनी लहानपणी त्याला बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला होता. तोच घेतला. झपतालाच्या दहा मात्रा ज्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत त्यांना पाच मात्रांचे भय वाटायचे कारण नाही; पण चारांत चालणाऱ्या पाश्चात्त्य कानाला दर फेरीत पायरी चुकल्यासारखी ठेच लागते. तेच ते, तेच ते, उंच पट्टीत, थांबायचे नाव नाही. नामावलीत त्याने वाजवणाऱ्यांचे नाव दिले 'बोलिंग ग्रीन फिलहार्मनिक ऑर्केस्ट्रा'. बोलिंग ग्रीन हे त्याचे गाव, आणि असा वाद्यवृंद मुळी नव्हताच! काही महिन्यांनी त्याच बाई भेटल्या तेव्हा त्यांचे मत पार बदलले होते. मधल्या काळात कार्पेंटरने घातले होते ते फक्त संगीत.

२५ ऑक्टोबर १९७८ रोजी कॅन्सस सिटीत तो लागला. मोठी जाहिरात नव्हती. एका गावाने दुसऱ्या गावाला सांगितले. एकट्या अमेरिकेत त्याने ४ कोटी ७० लाख डॉलर मिळवले, जगभरात सुमारे ७ कोटी. मग काय, कॅलेंडर घेऊन सगळे धावले. 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०), 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' (१९८१), 'एप्रिल फूल्स डे' (१९८६). मातृदिनही सोडला नाही. सणाचे नाव, एक मुखवटा, एक हत्यार, काही तरुण मुले: पाककृती सोपी होती. १९८४च्या नोव्हेंबरात 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' आला. त्यात कुऱ्हाड घेतलेला सांताक्लॉज. दूरदर्शनवर लहान मुले बसलेली असताना त्याच्या जाहिराती लागल्या, आया खवळल्या, चित्रपटगृहांपुढे निदर्शने झाली आणि दोन आठवड्यांच्या आत वितरकांनी तो काढून घेतला. मला त्या आयांचे म्हणणे पटते. भोपळ्याचे भूत भिववण्यासाठीच असते. खाऊ घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाती कुऱ्हाड देऊन काय मिळवले? या अनुकरणांपैकी तीन-चार मी पाहिली आहेत. खर्च त्यांचाही थोडाच होता, पण तो दिसू नये म्हणून त्यांनी रक्त ओतले.

'हॅलोवीन'वर एक आरोप नेहमी होतो. ज्या मुली मुलांबरोबर मौजमजा करतात त्या मरतात आणि सरळमार्गी लॉरी तेवढी वाचते. म्हणजे हा सोवळ्या नीतीचा धडा आहे. कार्पेंटर आणि हिल दोघांनीही हे नाकारले. त्यांचे म्हणणे असे की त्या मुलींचे लक्ष आपल्या मित्रांकडे होते. लॉरी एकटी पडलेली, म्हणून ती आजूबाजूला पाहते आणि तिला तो दिसतो. मला हे उत्तर पटते, कारण एकटी पडलेली माणसे खिडकीबाहेर जास्त पाहतात हे मी आमच्याच चाळीत पाहिले आहे. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ साली या असल्या शेवटी उरणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' असे नाव दिले, आणि आता ते सर्रास वापरतात.

तर आम्ही पाहत होतो. चित्रपट उत्तरार्धात आला आणि मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सौभाग्यवती केव्हा येऊन बसल्या होत्या देव जाणे. लॉरीच्या मैत्रिणी समोरच्या घरात मरून पडल्या आहेत, तिने ते पाहिले आहे, जिन्यावरून पडून तिचा पाय दुखावला आहे. ती रस्त्यावर येते. रस्ता मोकळा, रुंद, दोन्ही बाजूंना घरे, घरांत दिवे. गर्दी उभी करायला पैसे लागतात. रिकामा रस्ता फुकट मिळतो. ती किंचाळत शेजारच्या घराचे दार बडवते. आणि मग या चित्रपटातली, माझ्या मते, सर्वांत भयंकर गोष्ट घडते. दारातला दिवा लागतो. खिडकीच्या पट्ट्या जरा बाजूला होतात. कोणी तरी बाहेर पाहते. पट्ट्या मिटतात, आणि दिवा मालवला जातो.

बस, एवढेच. आतला माणूस दुष्ट नाही. हॅलोवीनची रात्र, पोरे दिवसभर किंचाळत हिंडत असतात, ही त्यांतलीच एक. याच गावचा पोलीस अधिकारी आधी कुठेसे म्हणून गेलेला असतो की आजच्या रात्री प्रत्येकाला एकदा दचकण्याची मुभा आहे. ज्या सणाने मुखवट्याला रस्ता मोकळा करून दिला, त्यानेच किंकाळीची किंमत उतरवून ठेवलेली. यासाठी एक पैसाही खर्च झालेला नाही. एक बटण आणि एक पडदा.

"मेल्यानं दिवा मालवला!" मागून आवाज आला.

पुढे घरात लॉरी त्याच्याशी झुंजते. हाताशी काय, तर विणकामाची सुई आणि कपड्यांचा तारेचा हँगर. सुई त्याच्या मानेत खुपसली तेव्हा आमच्या घरात "शाब्बास!" असा उद्गार निघाला आणि तो नातीचा नव्हता. डॉक्टर लूमिस येतो, सहा गोळ्या झाडतो, मायकेल वरच्या मजल्यावरून अंगणात कोसळतो. डॉक्टर वाकून पाहतो, तर हिरवळ रिकामी. मग एकामागून एक रिकाम्या जागा दाखवतात: जिना, दिवाणखाना, बाहेरून घरे, आणि मुखवट्याच्या आतून येणारा श्वास. तो कुठेही असू शकेल. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसंग्रहात जतन करण्याजोग्या कलाकृतींत हा चित्रपट घेतला गेला. भाग मात्र निघतच राहिले. २०१८ सालच्या भागात जेमी ली कर्टिस पांढऱ्या केसांची आजी होऊन पुन्हा उभी राहिली, आणि निक कॅसलने थोडा वेळ का होईना, तो मुखवटा पुन्हा चढवला.

रात्री निजानीज झाली. बाहेर कुठे तरी एखादा चुकार फटाका वाजत होता. मला डोळा लागतो न लागतो तोच शेजारून विचारणा झाली.

"अहो, झोपलात का?"

"अं?"

"तो दिवा मालवणारा शेजारी. त्याला सकाळी कळलं असेल ना?"

"काय?"

"की ती पोरगी खरंच ओरडत होती म्हणून."

मी म्हणालो, "सिनेमात ते दाखवलेलं नाही."

सौभाग्यवती थोडा वेळ गप्प राहिल्या. मग उठल्या. पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी दाराबाहेरचा दिवा लागलेला आहे की नाही ते पाहिले, आणि येऊन निजल्या.